कार्ड डेकमध्ये घ्यायचं की नाही? पोकेमॉनच्या एका कार्डाचं वजन करण्याची पद्धत

शुक्रवारी संध्याकाळी कोथरूडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पोकेमॉनच्या कार्डांचे डेक (प्रत्येकाचा आपापला ६० कार्डांचा संच) घेऊन खेळायला जमतो. नववी-दहावीची मुलं असतात, हिंजवडीहून ऑफिसची बॅग घेऊन थेट येणारे असतात, पिंपरीहून मेट्रो बदलत येणारे दोघं-तिघं असतात. दर आठवड्याला कुणीतरी मोबाइलवर एका कार्डाचा फोटो पुढे करतं आणि विचारतं, "दादा, हे घेऊ का? दोनशे डॅमेज आहे."

या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. डॅमेजचा, म्हणजे हल्ल्याने समोरच्या पोकेमॉनला होणाऱ्या इजेचा आकडा ठळक छापलेला असतो, म्हणून तो आधी दिसतो. खेळताना मात्र तो आकडा सगळ्यांत शेवटी येतो. त्याआधी ते कार्ड हातात यावं लागतं, मैदानात उतरावं लागतं, त्याला एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची वेगळी कार्डं) मिळावी लागते आणि तोवर ते जिवंत राहावं लागतं. म्हणून मी एकच क्रम पाळतो: कार्ड काय मागतं ते आधी, काय देतं ते नंतर, आणि डेकमधून कुणाला बाहेर काढून ते आत येणार हे सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला की पैसे वाया जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पूर्ण पद्धत लिहून काढतो आहे.

उदाहरणं मुख्यतः तीन कार्डांची घेतली आहेत: ड्रॅगापल्ट ईएक्स, चारिझार्ड ईएक्स आणि बडू ('ईएक्स' हे जास्त ताकदीच्या पोकेमॉनच्या नावामागे लागतं). ती फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहेत. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा कुठलं कार्ड स्पर्धेत चालतं, ते पहिल्या टप्प्यात तपासायचं आहे.

## आधीची तयारी

चार गोष्टी टेबलावर असल्याशिवाय सुरू करू नका.

पहिली म्हणजे तुमच्या डेकची पूर्ण ६० कार्डांची यादी, कागदावर लिहिलेली. "साधारण चारिझार्डचा डेक आहे" एवढ्यावर काम होत नाही. नवं कार्ड एकसष्टावं होऊ शकत नाही, त्यामुळे कुठलं साठावं बाहेर जाणार हे यादीशिवाय कळणार नाही.

दुसरी, त्या कार्डाचा स्पष्ट, वाचता येईल असा फोटो. व्हिडिओत कुणी सांगितलेला सारांश चालणार नाही.

तिसरी, तुम्ही ज्यांच्याशी खेळता त्यांच्या पाच-सहा डेकची नावं आणि प्रत्येकातल्या मुख्य पोकेमॉनचे एचपी, म्हणजे किती डॅमेजला तो पडतो ते आकडे. हे आकडे चौथ्या टप्प्यात लागतील.

चौथी, एक वही. अप्पा बळवंत चौकात मिळते तसली साधी शंभर पानी पुरे. एका कार्डाला एक पान. फोनमध्ये नोंदी करणारे बरेच जण मी पाहिले, पण सहा आठवड्यांनी त्या नोंदी उघडून पाहणारे फार थोडे.

## टप्पा १ : कार्ड चालतं का, हे आधी पाहा

कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. ते रेग्युलेशन मार्क. स्टँडर्ड या स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात कुठली अक्षरं चालतात हे ठरलेलं असतं आणि वर्षातून एकदा सगळ्यांत जुनं अक्षर बाहेर जातं. २०२५ च्या एप्रिलमध्ये असंच एफ अक्षर गेलं. तुमच्या कार्डाचं अक्षर पुढच्या फेरीत जाणार असेल तर त्या कार्डाचं आयुष्य किती महिन्यांचं आहे, ते पानावर सगळ्यांत वर लिहा.

जुनं कार्ड असेल तर त्याच नावाचं, त्याच मजकुराचं नवं प्रिंट चालू अक्षरात आलं आहे का ते बघा. आलं असेल तर घरातलं जुनंही सहसा चालतं.

खोट्या कार्डांबद्दल थोडक्यात सांगतो. शाळेजवळच्या दुकानांत मिळणारी सोनेरी-चंदेरी, प्लॅस्टिकसारखी चकचकीत कार्डं नकली असतात. त्यांवर छापलेला मजकूरही अनेकदा मूळ कार्डाचा नसतो. स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि वजन करायला बसलात तर ज्या मजकुराचं वजन कराल तोच खोटा निघेल.

सावधान: दुर्मिळता आणि खेळातली ताकद यांचा संबंध नाही. एकच कार्ड साध्या रूपात येतं आणि पूर्ण चित्र असलेल्या महागड्या रूपातही. दोन्हींवरचा मजकूर एकच असतो. महागडं रूप घेतल्याने एकही डॅमेज वाढत नाही.

## टप्पा २ : मजकूर तोडून वाचा

प्रत्येक वाक्यासमोर चार प्रश्न लिहा. केव्हा? किती वेळा? कुठून? कुणावर?

चारिझार्ड ईएक्सच्या 'इन्फर्नल रेन' या क्षमतेचं घ्या. आमच्याकडे ती अशी सांगितली जाते: "चारिझार्ड आला की तीन फायर एनर्जी मिळतात." तोडून वाचली की चित्र बदलतं. केव्हा? हातातून ते कार्ड खेळून पोकेमॉन इव्हॉल्व्ह करता, म्हणजे खालच्या पायरीच्या पोकेमॉनवर ते ठेवता तेव्हाच. किती वेळा? एका चारिझार्डला एकदाच, दर टर्नला नाही. कुठून? डेकमधून, म्हणजे एनर्जी डेकमध्ये शिल्लक असायला हवी. हातात किंवा डिस्कार्डमध्ये (वापरून टाकलेल्या कार्डांच्या ढिगात) पडलेली उपयोगाची नाही. कुणावर? आपल्या कुठल्याही पोकेमॉनवर, हव्या तशा वाटून. या शेवटच्या उत्तरातच कार्डाची खरी ताकद आहे. चारिझार्डच्या हल्ल्याला दोनच फायर लागतात, म्हणजे तिसरी एनर्जी दुसऱ्या कुणाला देता येते. घाईत वाचणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

याच कार्डावर आणखी एक चूक नेहमी होते. त्याला फायर एनर्जी लागते, पण ते स्वतः डार्कनेस प्रकारचं आहे. म्हणजे समोरच्याची फायरची कमजोरी इथे कामाची नाही, डार्कनेसची कमजोरी हवी. आमच्याकडच्या एका मुलाने ग्रास पोकेमॉनच्या डेकविरुद्ध दुप्पट डॅमेज होईल या भरवशावर सगळी मांडणी केली होती. पहिल्याच सामन्यात समोरच्याने कार्डाच्या वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाखवलं आणि ती मांडणी तिथेच संपली.

ट्रेनर कार्ड (पोकेमॉन किंवा एनर्जी नसलेलं, मदतीचं कार्ड) असेल तर ते आयटम आहे की सपोर्टर, हे आधी लिहा. आयटम एका टर्नमध्ये हवे तेवढे खेळता येतात, सपोर्टर एकच. त्यामुळे नव्या सपोर्टरची तुलना "काहीच न खेळण्याशी" करून उपयोग नाही. त्या टर्नला जो सपोर्टर तुम्ही एरवी खेळला असता, त्याच्याशी करायची.

तपासणी: फोटो न बघता कार्ड शेजारच्याला समजावून सांगा आणि त्याला फोटो बघत ऐकायला सांगा. त्याने एकदाही थांबवलं नाही तर पुढे जा.

## टप्पा ३ : कार्ड काय मागतं?

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक चुकीचे निर्णय हा टप्पा गाळल्यामुळे होतात.

ड्रॅगापल्ट ईएक्स: ३२० एचपी, 'फँटम डाइव्ह' या हल्ल्याने २०० डॅमेज, शिवाय समोरच्याच्या बेंचवर (मागे थांबलेल्या पोकेमॉनच्या रांगेत) सहा डॅमेज काउंटर (दहा-दहा डॅमेजच्या खुणा) हवे तसे वाटायचे. वाचतानाच तोंडाला पाणी सुटतं. आता त्याची मागणी लिहू.

ते स्टेज २, म्हणजे तिसऱ्या पायरीचं कार्ड आहे. त्यासाठी आधी ड्रीपी हा बेसिक, म्हणजे पहिल्या पायरीचा पोकेमॉन मैदानात हवा. त्यावर ड्रॅकलोक, मग ड्रॅगापल्ट. नाहीतर रेअर कँडी हे आयटम वापरून ड्रीपीवरून थेट ड्रॅगापल्ट. रेअर कँडी आपल्या पहिल्या टर्नला चालत नाही, आणि त्याच टर्नला उतरवलेल्या बेसिकवरही चालत नाही. म्हणजे ड्रीपी एक टर्न आधी उतरून जिवंत राहायला हवा. हल्ल्याला एक फायर आणि एक सायकिक अशा दोन वेगळ्या एनर्जी लागतात. हाताने दर टर्नला एकच लावता येते. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या मदतीशिवाय लवकरात लवकर हल्ला आपल्या दुसऱ्या टर्नला, तोही पहिल्या टर्नला ड्रीपी आणि योग्य एनर्जी दोन्ही मिळाले तरच.

मग जागांचा हिशेब. एक ड्रॅगापल्ट घेऊन भागत नाही. चार ड्रीपी, चार ड्रॅकलोक, तीन ड्रॅगापल्ट धरले तर ११ जागा गेल्या. वर रेअर कँडी आणि दोन रंगांच्या एनर्जी. तुम्ही एका कार्डाचं वजन करायला बसला होतात, पण तागडीत डेकचा पाव भाग आला आहे.

आता हातात येण्याची शक्यता. ६० च्या डेकमधून पहिली सात कार्डं उचलल्यावर एखाद्या कार्डाची किमान एक प्रत येण्याची शक्यता अशी (बेसिक नसल्याने हात पुन्हा घ्यावा लागतो, तो फरक सोडून):

१ प्रत : सुमारे १२ टक्के
२ प्रती : २२ टक्के
३ प्रती : ३१ ते ३२ टक्के
४ प्रती : ४० टक्के

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. "चार टाकले आहेत, येईलच" असं म्हणणाऱ्याला ४० टक्के म्हणजे दहापैकी सहा वेळा येणार नाही, हे समोर दिसायला हवं.

म्हणूनच एखादं कार्ड दुसऱ्या कशाने शोधता येतं का, हा प्रश्न फार महत्त्वाचा. ड्रीपीला ७० एचपी आहेत, आणि बडी-बडी पॉफिन हे आयटम ७० किंवा त्याहून कमी एचपीचे दोन बेसिक थेट बेंचवर आणतं. चार ड्रीपी आणि चार पॉफिन धरले की पहिल्या सात कार्डांत आठपैकी एक तरी येण्याची शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. ड्रीपीला ८० एचपी असते तर ऐकायला ते बरं वाटलं असतं, पण पॉफिनने तो मिळाला नसता आणि डेक हळू झाला असता. कमी एचपी फायद्याचे ठरतात अशी ही जागा. नुसते कार्डाकडे बघून ती कधीच दिसत नाही.

प्राइझचाही हिशेब इथेच करा. सुरुवातीला सहा कार्डं प्राइझ म्हणून बाजूला जातात; समोरचा पोकेमॉन पाडला की त्यांतून घ्यायचं, आणि सहाही घेतली की सामना जिंकला. तुमच्या डेकमध्ये एकच प्रत असलेलं कार्ड त्यात अडकण्याची शक्यता ६० पैकी ६, म्हणजे १० टक्के. ज्या एका कार्डावर सगळा बेत उभा आहे, ते दर दहा सामन्यांत एकदा सुरुवातीला उपलब्धच नसतं. दोन प्रती असतील तर दोन्ही अडकण्याची शक्यता एका टक्क्याहून कमी.

तपासणी: पानावर एक वाक्य लिहा, "हे कार्ड काम करायला कमीत कमी अमुक कार्डं, अमुक टर्न आणि अमुक एनर्जी लागते." वाक्य पूर्ण होत नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

## टप्पा ४ : कार्ड काय देतं? घाव मोजा

डॅमेज किती हा प्रश्न सोडून द्या. समोरच्या पोकेमॉनला किती घाव लागतात ते मोजा. २१० एचपीच्या पोकेमॉनला २०० डॅमेज दोन घाव घेतं आणि ११० डॅमेजही दोनच घाव घेतं. त्या सामन्यापुरतं दोन्हींचं वजन सारखं. १९० वरून २०० झाल्याने कधी काहीच फरक पडत नाही, तर कधी २०० वरून २१० झाल्याने पूर्ण सामना फिरतो.

तयारीत लिहिलेले एचपीचे आकडे आता काढा आणि प्रत्येकासमोर घाव लिहा.

चारिझार्ड ईएक्सचा हल्ला १८० चा आहे आणि समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे त्यात ३० ची भर पडते. २१० एचपीच्या बेसिकला एका घावात पाडायला समोरच्याने एक प्राइझ घेतलेली पुरते. ३२० च्या ड्रॅगापल्टला मात्र चार प्राइझवर ३०० च होतात. पाच प्राइझ गेल्यावर ३३० होतात, म्हणजे समोरचा जिंकायला एक प्राइझ दूर असताना. म्हणून चारिझार्ड हे मागे पडल्यावर उलटा फिरणारं कार्ड आहे. सुरुवातीलाच मोठा घाव घालण्याची अपेक्षा घेऊन बसलात तर ते तुम्हाला दुबळं वाटेल, आणि दोष कार्डाचा नसेल.

फँटम डाइव्हचे ते सहा काउंटर वेगळे मोजा, कारण त्यांचं काम वेगळं आहे. एक काउंटर म्हणजे १०. बेंचवर ३० एचपीचे दोन बडू बसले असतील तर एकाच हल्ल्यात दोघंही जातात, वर पुढच्याला २०० बसतातच. ७० चा ड्रीपी मात्र ६० खाऊन दहावर तग धरतो. आणखी एक बारकावा: टेरा नावाच्या खास प्रकारचे पोकेमॉन बेंचवर असताना हल्ल्याचं डॅमेज त्यांना लागत नाही, पण काउंटर ठेवणं म्हणजे डॅमेज करणं नव्हे. त्यामुळे हे काउंटर बेंचवरच्या टेरा पोकेमॉनवरही ठेवता येतात, आणि कमजोरीमुळे ते दुप्पटही होत नाहीत. खेळताना यावर वाद होतात. आधीच वहीत लिहून ठेवा.

इथे नेहमी होणारी चूक: लोक एकाच हल्ल्याचा हिशेब करतात. ड्रॅगापल्टचं खरं काम दोन हल्ल्यांत दिसतं. पहिल्या हल्ल्यात बेंचवर ठेवलेले सहा काउंटर दुसऱ्या हल्ल्यात कुणाला पाडायच्या कामी येणार, हे ठरवून ठेवले तर दोन्ही हल्ल्यांचे काउंटर मिळून १२० चं काम होतं. उगाच पसरले तर शून्य.

## टप्पा ५ : प्राइझचा व्यवहार

समोरच्याला जिंकायला सहा प्राइझ हव्यात. साधा पोकेमॉन पडला तर एक, ईएक्स पडला तर दोन, आणि २०२५ पासून आलेले मेगा इव्हॉल्यूशन ईएक्स पडले तर तीन.

कार्डासमोर लिहा: हे पडलं तर मी किती प्राइझ देतो, आणि पडण्याआधी ते किती हल्ले करून जातं. ३२० एचपीच्या ड्रॅगापल्टला समोरच्या डेकमध्ये एका घावात पाडणारं काही नसेल तर त्याचे साधारण दोन हल्ले होतात. दोन हल्ल्यांत ४०० आणि १२०, मोबदल्यात दोन प्राइझ. हा व्यवहार चांगला. त्याच ड्रॅगापल्टला एका घावात पाडणारा डेक समोर असेल तर दोन प्राइझ, दोन एनर्जी आणि तीन कार्डांची साखळी देऊन एक हल्ला मिळाला. कार्ड तेच आहे, व्यवहार पार बदलला. म्हणून "ड्रॅगापल्ट चांगलं आहे का" याचं उत्तर देताना मी आधी समोर कोण बसणार आहे ते विचारतो.

## टप्पा ६ : जिंकताना, हरताना, पहिल्या टर्नला

तीन चित्रं डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पुढे आहात, तुम्ही मागे आहात, आणि सामना नुकताच सुरू झाला आहे. प्रत्येक वेळी हे कार्ड हातात आलं तर काय?

बडू बघा. ३० एचपी, १० डॅमेज. फोटो दाखवून कुणीही मला "हे घेऊ का" असं विचारलं नव्हतं. पण त्याच्या हल्ल्याला एनर्जीच लागत नाही, आणि हल्ल्यानंतर समोरच्याला पुढच्या टर्नला हातातून एकही आयटम खेळता येत नाही. रेअर कँडी बंद, पॉफिन बंद, अल्ट्रा बॉल बंद. सामन्यात आधी खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. नंतर खेळणारा मात्र आपल्या पहिल्याच टर्नला बडूने हल्ला करू शकतो. तिसऱ्या टप्प्यातली मागणी आठवा: बडू जवळजवळ काहीच मागत नाही. त्यामुळे दहा डॅमेजचं हे कार्ड स्टेज २ च्या डेकचा अख्खा एक टर्न खाऊन टाकतं.

शेवटच्या टर्नला तेच बडू हातात आलं तर सहसा पडून राहतं. म्हणून पानावर लिहायचं: पहिल्या टर्नला फार मोलाचं, मागे असताना कधीकधी, पुढे असताना जवळजवळ नाही. यावरून त्याच्या किती प्रती घ्यायच्या तेही ठरत जातं.

सावधान: जे कार्ड फक्त तुम्ही पुढे असतानाच कामाचं आहे, ते टाकू नका. त्याच्याशिवायही तुम्ही तो सामना जिंकणारच होता. अशी कार्डं आठवणीत फार छान राहतात, कारण ती नेहमी विजयाच्या वेळी टेबलावर असतात.

## टप्पा ७ : कुणाच्या जागी?

आता यादी समोर घ्या आणि एक नाव खोडा. खोडता येत नसेल तर हे कार्ड तुमच्या डेकसाठी नाही, ते कितीही चांगलं असो.

तुलना त्याच कामाच्या कार्डाशी करा. अल्ट्रा बॉल कुठलाही पोकेमॉन शोधून हातात देतं, पण हातातली दोन कार्डं टाकायला लावतं. नेस्ट बॉल काहीच टाकायला लावत नाही, पण फक्त बेसिक आणतं आणि तो थेट बेंचवर बसवतं. स्टेज २ च्या डेकला अल्ट्रा बॉलची गरज जास्त. सगळे बेसिकच असलेल्या डेकमध्ये नेस्ट बॉल स्वस्त पडतं. "अल्ट्रा बॉल जास्त भारी" हे वाक्य डेकचं नाव घेतल्याशिवाय अर्धवट आहे.

एखाद्या ठरावीक डेकविरुद्धच घेतलेल्या कार्डाचा, म्हणजे टेक कार्डाचा, हिशेब आकड्यांत करा. समजा बाराजणांची स्पर्धा, चार फेऱ्या. तुमच्याशिवायच्या अकरांपैकी तिघं ड्रॅगापल्ट खेळतात. चार फेऱ्यांत तुमची त्यांच्याशी गाठ साधारण एकदा पडेल. टेक कार्डाची एकच प्रत असेल आणि निर्णायक वेळेपर्यंत तुम्ही डेकमधली २० कार्डं पाहिली असतील, तर ते त्यांत असण्याची शक्यता एक तृतीयांश. दोन प्रतींनी ती ५६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे एका प्रतीने चारपैकी एका सामन्यात, तोही तीन वेळांपैकी एकदाच फायदा, आणि उरलेल्या तीन सामन्यांत एक जागा अडलेली. हा हिशेब करूनही ते घ्यावंसं वाटत असेल तर घ्या. ते शोधून आणणारं काही डेकमध्ये असेल तर हिशेब पुष्कळ सुधारतो.

अशाच एका टेक कार्डाला मी कित्येक महिने डेकमध्ये जागा दिली होती, कारण एकदा त्याने मला अंतिम फेरीत नेलं होतं. वही उघडून मोजलं तेव्हा त्यानंतर ते दोनदाच कामाला आलं होतं. त्या जागी चौथं पॉफिन असतं तर किती हात सुधारले असते, याची नोंद कुठेच नव्हती. पडून राहिलेल्या कार्डाची नोंद ठेवणं हाच पुढचा टप्पा आहे.

## टप्पा ८ : विकत घेण्याआधी खेळून पाहा

साध्या कागदावर कार्डाचं नाव आणि मजकूर लिहा, किंवा झेरॉक्स काढा. एका साध्या कार्डावर तो कागद ठेवा आणि वर अपारदर्शक स्लीव्ह (कार्डाचं प्लॅस्टिकचं कव्हर) चढवा. मित्रांत खेळायला हे पुरेसं आहे; स्पर्धेत असं बदली कार्ड, म्हणजे प्रॉक्सी, चालत नाही. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे मोफत अ‍ॅपही सरावाला चांगलं. पण नव्या कार्डासाठी मी कागदच पसंत करतो, कारण अ‍ॅप नियम आपोआप पाळतं आणि तुमचं वाचन चुकलं असेल तर ते कळत नाही.

क्रम असा ठेवा.

क) आधी एकट्याने वीस हात. डेक पिसा, सात उचला, प्राइझ लावा, तीन टर्न खेळा, थांबा. प्रत्येक वेळी लिहा: मुख्य हल्ला कितव्या टर्नला जमला? नव्या कार्डामुळे लवकर, उशिरा, की फरक नाही? हे काम जवळजवळ कुणीच करत नाही.

ख) मग मित्रांबरोबर, तुमच्या यादीतल्या प्रत्येक डेकविरुद्ध निदान चार सामने. निम्म्यांत पहिली टर्न तुमची, निम्म्यांत समोरच्याची. बडूसारख्या कार्डाची किंमत यावरच ठरते.

ग) कार्ड हातात दिसलं की तीनपैकी एक खूण करा: कामाला आलं, पडून राहिलं, जुनं कार्ड असतं तर बरं झालं असतं. तिसरी खूण करायला धैर्य लागतं, कारण पैसे खर्च करायचं मन आधीच झालेलं असतं.

निकालावर फार भरवसा ठेवू नका. दोन्ही डेक अगदी समान ताकदीचे असले तरी दहापैकी सहा किंवा जास्त सामने तुम्ही जिंकण्याची शक्यता जवळजवळ ३८ टक्के आहे. "नवं कार्ड टाकल्यावर सहा-चार जिंकलो" याने काहीच सिद्ध होत नाही. खुणा मात्र दहा सामन्यांतही बरंच सांगतात, कारण एका सामन्यात कार्ड अनेकदा हाताशी येतं.

तपासणी: तिसरी खूण पहिलीपेक्षा जास्त असेल तर इथेच थांबा. पान फाडू नका, तारीख टाकून ठेवा.

## टप्पा ९ : किती प्रती, कुठली, केव्हा

बेसिक एनर्जी सोडून एका नावाच्या चारपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत. चार कुणाला? जे पहिल्या हातात यायलाच हवं आणि दुसऱ्यांदा आलं तरी चालतं, त्याला. तीन, जे लवकर हवं पण दोन एकदम आले तर अडचण, त्याला. दोन, जे उशिरा लागतं किंवा शोधून आणता येतं, त्याला. एक, जे शोधता येतं आणि प्राइझमध्ये अडकलं तरी बेत मोडत नाही, त्याला. सहाव्या टप्प्यातली तुमची उत्तरं इथे सरळ उपयोगी पडतात.

घेताना सुटं कार्ड घ्या. एका ठरावीक कार्डासाठी आत काय निघेल ते माहीत नसलेली बंद पाकिटं फोडत बसणं हा सर्वांत महाग मार्ग आहे. पाकिटं फोडायचा आनंद हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे धरा. साधं रूप घ्या. कोपरा दुमडलेला किंवा कार्ड वाकलेलं नाही ना ते बघा, कारण स्लीव्हमधूनही ओळखू येणारं कार्ड 'खूण केलेलं' धरलं जाऊ शकतं. नवा सेट बाजारात येतो त्या पहिल्या आठवड्यात, निकाल यायच्या आधी, भाव सगळ्यांत कमी भरवशाचे असतात. कागदावर खेळायला तेवढे दिवस मिळतात, ते वापरा.

आणि आधी मित्रांना विचारा. आमच्या हॉलमध्ये निम्मी कार्डं अदलाबदलीत मिळतात.

नवा सेट आला की जुनी पानं काढून फक्त दोन टप्पे पुन्हा करा, चौथा आणि सातवा. एचपीचे आकडे बदललेले असतात, आणि कुणाच्या जागी या प्रश्नाला नवे उमेदवार आलेले असतात. गेल्या खेपेला ज्या मुलाने दोनशे डॅमेजचा फोटो दाखवला होता, त्याच्या वहीत आता सात पानं आहेत. त्यातल्या पाचांवर तारीख टाकून "नको" लिहिलं आहे, आणि एका "नको"वर परवा प्रश्नचिन्ह आलं आहे, कारण त्याच्या गटातल्या दोघांनी डेक बदलला.